आत्याच्या गोष्टीत थोरली कुठे आहे

धाकटी कॅमेरा घेऊन आली त्या दिवशी सगळ्यात आधी उचलबांगडी झाली ती थोरलीच्या खुर्चीची.

खुर्ची म्हणजे काही सिंहासन नव्हतं. वेताची, एका बाजूने खचलेली, आत्याच्या पलंगाशेजारी खिडकीला लागून असायची. दिवसभर कारखान्यात उभं राहून पायांचे गोळे दगडासारखे झाले की संध्याकाळी थोरली तिथे टेकायची. धाकटीने बोटांची चौकट करून डोळ्यासमोर धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाली, "ताई, ही खुर्ची जरा आत नेशील? मागे नुसती भिंत हवी. भिंत आणि आत्या."

"आणि मी कुठे बसू?"

"तू कशाला बसतेस? तुझं काम असतं ना पुढे!"

थोरलीने खुर्ची उचलली, आतल्या खोलीत नेली आणि त्याच खुर्चीवर तोंड फुगवून पाच मिनिटं बसून राहिली. वय वर्षं चौपन्न. कोणी पाहिलं असतं तर हसलं असतं, म्हणून तिने आधी दार लोटून घेतलं होतं.

घर पुढून कारखाना आणि मागून घर असं होतं. पुढच्या लांबट खोलीत पुस्तकं बांधायचं काम चालायचं. एका टेबलावर दोन बायका कागद घडी करायच्या, दुसऱ्यावर शिवण, भिंतीशी दाबायचे लोखंडी प्रेस, आणि कोपऱ्यात कटिंग मशीन. त्या मशीनचं पातं खाली आलं की मागच्या घरातल्या कपबश्यासुद्धा किणकिणायच्या. कारखान्यातून दोन पायऱ्या चढल्या की घर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. सगळीकडे खळीचा वास. पै-पाहुणा आला की म्हणायचा, कसला वास येतोय? घरातल्यांना तो वास येतो हेच माहीत नव्हतं.

हा कारखाना आत्याचा. थोरली अकरा वर्षांची आणि धाकटी चार वर्षांची असताना त्यांचे आईवडील एकाच आठवड्यात, एकाच तापाने गेले. आत्या आली, दोघींचे कपडे एका पेटीत भरले आणि त्यांना आपल्याकडे घेऊन आली. आत्याचं लग्न झालेलं नव्हतं. होता होता राहिलं, एवढंच सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याबद्दल विचारायची कोणाची छाती नव्हती. तिने दोघींना वाढवलं. धाकटीला शिकवलं. ती आता पाच तासांवरच्या शहरात कॉलेजात शिकवत होती, तिला नवरा होता, मुलगा होता, गाडी होती. थोरली सोळाव्या वर्षी शाळा सोडून कारखान्यात उभी राहिली ती राहिलीच. अडतीस वर्षं. आत्याचे हात थरथरायला लागले तेव्हापासून सगळा कारभार थोरलीच बघायची, आणि मागच्या वर्षी आत्या पडून खुबा मोडला तेव्हापासून आत्यालाही थोरलीच बघायची. अंघोळ, औषधं, काठी, चष्मा, रागलोभ, सगळं.

आणि लाडाचं नाव मात्र धाकटीला. आत्या तिला 'चिमणे' म्हणायची. थोरलीला आत्याने आयुष्यभर ज्या नावाने हाक मारली ते म्हणजे 'अगं'.

"चिमणे, केस नीट दिसतायत का गं माझे?" पहिल्या दिवशी आत्याने विचारलं. ब्याऐंशी वर्षांची म्हातारी, पण सकाळपासून निळा स्वेटर घालून, चष्मा पुसून, नवरीसारखी सजून बसली होती. रोज केस विंचरायला घेतलं की जी बाई 'पुरे, सोड आता, कुठे जायचंय मला' म्हणून कंगवा ढकलायची, तिने आज थोरलीकडून दोनदा भांग पाडून घेतला होता.

धाकटीने आत्याच्या स्वेटरला छोटासा माइक अडकवला, कॅमेरा तिकाटण्यावर बसवला आणि दारात येऊन कारखान्याकडे बघत म्हणाली, "ताई, मशीन बंद ठेवशील का? दोन तास. खूप आवाज येतो."

"उद्या दीडशे वह्या द्यायच्या आहेत."

"हळू नाही का चालवता येत?"

पातं हळू कसं पडायचं हे थोरलीला विचारायचं होतं. पण तिने मशीन बंद केलं. घडी घालणाऱ्या बायकांनी आपसूक आवाज खाली आणला. मागून आत्याचा आवाज ऐकू यायला लागला, आणि तो आवाज थोरलीच्या ओळखीचा नव्हता. आत्या म्हणजे तुटक बोलणारी बाई. 'हे वाकडं झालंय.' 'खळ पातळ आहे.' 'जेवलीस का?' एवढ्यावर या दोघींचे दिवसच्या दिवस निघायचे. आणि इथे ती चक्क रंगात आली होती.

ती सांगत होती, एकोणीस वर्षांची असताना ती एका मोठ्या बाइंडरकडे काम मागायला गेली. मालक म्हणाला, बायकांना घडीचं काम, शिवणीला पुरुष. मग तिने काय केलं, तर रद्दीत टाकलेली पुस्तकं जेवणाच्या सुट्टीत उसवायला सुरुवात केली. टाका कुठून घेतला, गाठ कुठे मारली, एकेक दोरा मागे मागे जात बघायचं. तीन महिन्यांत एक जाडजूड पुस्तक तिने स्वतः बांधलं आणि मालकापुढे ठेवलं. मालकाने ते उलटंसुलटं पाहिलं, एक शब्द न बोलता जिन्याशी गेला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली सोडून दिलं.

"अगं बाई!" धाकटी म्हणाली.

"मी बघत राहिले. धाडकन आवाज झाला. मग मीच जिने उतरून खाली गेले, उचललं आणि वर आणून त्याच्या हातात दिलं. एक कोपरा चेपला होता. बाकी एक टाका हललेला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मी शिवणीला."

थोरली घडी घातलेल्या पानांचा फॉर्मा हातात तसाच धरून पायरीजवळ उभी होती. अडतीस वर्षं. अडतीस वर्षं ती या बाईच्या शेजारी उभी राहून तेच टाके घालत होती, आणि ही गोष्ट तिने कधी ऐकली नव्हती. ते तिला झोंबलं. गोष्ट चांगली होती म्हणून नव्हे. ती दुसऱ्या कोणाला तरी सांगितली गेली म्हणून.

पुढचे तीन दिवस असेच गेले. सकाळी मशीन बंद, मागे आत्याचा दरबार. धाकटी गालावर हात ठेवून ऐकायची, योग्य जागी हसायची, योग्य जागी डोळे पुसायची. थोरली चहा नेऊन द्यायची. चहा आत नेला की आत्या थांबायची. कप खाली ठेवून थोरली बाहेर पडली की पुन्हा सुरू. एकदा थोरलीने स्वयंपाकघरातूनच चूक दुरुस्त केली. आत्या म्हणाली कारखाना या जागेत वसंतात आला, थोरली ओरडली, "वसंतात कुठला, थंडी होती! पाणी गारठलं होतं!" तर धाकटीने ओठांवर बोट ठेवलं आणि आत्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "हिचं हे असं. मध्ये मध्ये." दोघी हसल्या. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण चेहऱ्यावर ती काही येऊ देत नसे. त्या दिवशी पुठ्ठे कापताना तिने दोन वाया घालवले.

पाचव्या दिवशी आत्याने पाण्यात भिजलेल्या रजिस्टरांची गोष्ट काढली.

ही गोष्ट थोरलीची होती. म्हणजे आत्याची होतीच, पण निम्मी थोरलीची. एका कचेरीच्या तळघरात पाण्याचा नळ फुटला आणि जन्ममृत्यूच्या नोंदींची चारशे रजिस्टरं भिजून लगदा व्हायच्या बेताला आली. कोणी बाइंडर हात लावेना. आत्याने काम घेतलं. घरभर दोऱ्या बांधल्या, पंखे आणले, पोत्याने टीपकागद आणला. एकेक पान हाडाच्या पट्टीने हलकेच सोडवायचं, टीपकागदात दाबायचं, वाळवायचं, पुन्हा शिवायचं. थोरली सोळा वर्षांची होती. आत्या म्हणाली होती, पंधरा दिवस शाळेत नको जाऊस, मला हात हवेत. थोरलीच्या बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती, रात्री चमचा धरता यायचा नाही.

थोरली पायरीवर येऊन उभी राहिली. आता तरी.

"चारशे रजिस्टरं," आत्या सांगत होती. "एकही पान गेलं नाही. आणि ही चिमणी एवढीशी, नऊ वर्षांची, पण मला टीपकागद मोजून द्यायची. एक, दोन, तीन, चार. कधी चुकली नाही."

"मला आठवतंय!" धाकटी म्हणाली.

"एकटीने काढलं मी ते काम. लोक म्हणाले, बाई वेडी आहे."

एकटीने. थोरली पायरी उतरली, मशीनपाशी गेली आणि तिने बटण दाबलं. ठरलेले दोन तास अजून संपले नव्हते, पण तिला आणखी ऐकायचं नव्हतं. पातं धाड्कन खाली आलं. मागे कपबश्या किणकिणल्या.

"ताई!" आतून हाक आली.

"काम आहे," थोरली म्हणाली आणि पुन्हा पातं पाडलं. खाली कागद नव्हता.

त्याच दुपारी जेवण झाल्यावर आत्या आडवी झाली, धाकटी फोनवर बोलायला बाहेर गेली. कॅमेऱ्याची बॅटरी स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेली होती, छोटा हिरवा दिवा लुकलुकत होता. थोरली भांडी घासून हात पुसत होती. तिने जाता जाता चार्जिंगचं बटण बंद केलं. बस, एवढंच. दिवा विझला. धाकटी येण्याआधी तिने ते पुन्हा चालू करून ठेवलं, आणि कारखान्यात जाऊन अगदी शांतपणे पुस्तकांना कापड चढवत बसली.

चार वाजता गोष्टी सुरू झाल्या. वीस मिनिटांनी धाकटीचा आवाज आला, "अरे देवा. बंद पडला. आत्या, थांब, थांब जरा!"

"आता कसली थांबते," आत्या म्हणाली. "बंद पडला ना? बरं झालं. तेवढं पुढचं तुला एकटीलाच सांगते. दार लोट."

आणि दार लोटलं गेलं. थोरली पायरीवर आली तेव्हा तिला फक्त कुजबुज ऐकू आली. अर्धा तास. मध्येच आत्याचं हसणं, मग बराच वेळ काहीच नाही. धाकटी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"काय सांगत होती?" थोरलीने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ज्याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं ना, त्याच्याबद्दल."

"काय झालं होतं मग?"

"कोणाला सांगू नकोस म्हणालीय, ताई."

थोरलीच्या हातातला ब्रश खळीच्या भांड्यात पडला. जी गोष्ट उभ्या घराला विचारायची हिंमत झाली नव्हती, ती तिने स्वतःच्या हाताने, एक बटण दाबून, धाकटीच्या ओटीत टाकली होती. कॅमेरा चालू असता तर आत्या पुढे बोललीच नसती. किंवा बोलली असती तर सगळ्यांची झाली असती. आता ती एकटीची झाली. थोरलीने ब्रश बाहेर काढून धुतला, आणि धुता धुता स्वतःला एक सणसणीत शिवी घातली.

दुसऱ्या दिवशी धाकटीला कॉलेजच्या परीक्षेसाठी दोन दिवस परत जावं लागणार होतं. जाताना तिने कॅमेरा थोरलीच्या स्वाधीन केला. "हे लाल बटण. हे दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. आणि हे प्रश्न." कागदावर दहा प्रश्न होते, सुवाच्य अक्षरात. "तिचा सूर लागलाय गं. खंड पडायला नको."

सूर लागलाय. थोरलीने कागद घेतला. मनातून मात्र तिला गुदगुल्या होत होत्या. आता बघू.

दुसऱ्या दिवशी तिने बायकांना लवकर सुट्टी दिली, वेताची खुर्ची बाहेर आणली, कॅमेऱ्यामागे ठेवली, लाल बटण दाबलं आणि कागद डोळ्यांसमोर धरला. आत्या रोजच्या जुन्या स्वेटरमध्ये बसली होती. केसांचं तिने काही विचारलं नाही.

"लहानपणी कोणकोणते खेळ खेळायचात?" थोरलीने हजेरी घेतल्यासारखं विचारलं.

आत्या हसायला लागली. "हे काय? पोलिसात आणलंय की काय मला?"

"त्यात लिहिलंय. पुढचा प्रश्न. सगळ्यात जास्त भीती कधी वाटली?"

"अगं, तुला काय सांगायचं? तुला सगळं माहीत आहे."

"काय माहीत आहे मला?"

"सगळं. तू इथेच तर असतेस."

थोरलीने कागदाची घडी घातली. अगदी कडेला कड जुळवून, नखाने दाबून, कामातली घडी घालतात तशी. मग ती म्हणाली, "रजिस्टरं भिजली होती तेव्हा मी कुठे होते?"

आत्याने स्वेटरची बाही मनगटापर्यंत ओढून घेतली.

"धाकटी कागद मोजत होती. बरोबर आहे, मोजत होती. दिवसातून दहा मिनिटं. मी कुठे होते?"

"माझ्या समोर होतीस."

"मग गोष्टीत का नाही?"

बाहेरून कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. आत्याने चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"तुला गोष्टीत घेतलं," ती म्हणाली, "तर पुढचं सांगावं लागतं."

"पुढचं काय?"

"पंधरा दिवस म्हणाले होते मी तुला. पंधरा दिवस झाले. काम संपलं. मग त्या कचेरीने दुसरं दिलं, आणखी मोठं. तुझा हात बसला होता. तुझ्यासारखा हात मी नंतर कोणाचा बघितला नाही, आजतागायत नाही." ती थांबली. "तुझ्या शाळेतल्या मोठ्या बाई आल्या होत्या."

"कुठे आल्या होत्या?"

"इथे. दोनदा. पहिल्यांदा मी सांगितलं, मुलगी आजारी आहे. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा तू बाजारात सुतळी आणायला गेली होतीस. म्हणाल्या, भूमितीत असं डोकं वर्गात दुसरं नाही, तिला पाठवा, फी मी बघते. मी सांगितलं..." आत्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही, थोरलीकडेही नाही. भिंतीकडे बघत म्हणाली, "मी सांगितलं, तिलाच शिकायचं नाही."

थोरलीने कागदाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

त्या मोठ्या बाई पुढे पंधरा वर्षं याच भागात राहत होत्या. रस्त्यात दिसल्या की थोरली मुद्दाम पलीकडच्या बाजूला जायची. शाळा सुटली याचा राग नव्हता तिला. राग याचा होता की एकानेही येऊन विचारलं नाही. बाई एकदा तिच्याकडे बघून थांबल्या होत्या, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं होतं, आणि थोरली मान वळवून निघून गेली होती. बाईंना वाटलं असेल, खरंच शिकायचं नव्हतं हिला. आता त्यांना जाऊनही वीस वर्षं झाली होती.

"धाकटीला शिकवलंस," थोरली म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"हो."

"तिला का?"

"तिचे हात कामाचे नव्हते," आत्या म्हणाली. "खोटं कशाला बोलू. तुझे हवे होते मला. स्वार्थ होता माझा."

थोरली उठली. दोन पायऱ्या उतरून कारखान्यात गेली, दिवा न लावता शिवणीच्या टेबलाशी बसली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. उलट डोक्यात एकच वेडगळ विचार घोळत राहिला. धाकटीचे हात कामाचे नव्हते म्हणून धाकटी सुटली, आणि आपले चांगले होते म्हणून आपण अडकलो. म्हणजे मत्सर कोणाचा करायचा? स्वतःच्याच हातांचा?

मागून बऱ्याच वेळाने हाक आली. "अगं! हे लाल बटण कसलं? हे बंद कसं करायचं?"

थोरली गेली नाही. शेवटी कॅमेरा आपोआपच बंद पडला.

दुसऱ्या दिवशी तिने अंघोळ घातली, औषधं दिली, जेवण दिलं, आणि एक शब्द काढला नाही. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी. संध्याकाळी तिने कॅमेरा हातात घेतला. पुसून टाकणं सोपं होतं, धाकटीने कसं ते दाखवलं होतं. कचऱ्याच्या डब्याचं चित्र, त्यावर एकदा बोट. थोरलीचं बोट त्यावर गेलंसुद्धा. मग थांबलं. इतक्या दिवसांच्या इतक्या गोष्टी त्या कॅमेऱ्यात होत्या, आणि त्या सगळ्यांत तिचं नाव निघालं होतं ते फक्त याच एका तुकड्यात. हेच पुसलं तर ती त्या घरात नव्हतीच.

तिने बोट काढून घेतलं.

धाकटी परत आली तशी कानात इअरफोन घालून बघायला बसली. थोरली पुढे मशीनवर होती, पण तिचं अर्धं लक्ष पायऱ्यांकडे. पाऊण तासाने धाकटी खाली आली. तिचा चेहरा उतरला होता.

"तू गेल्यावर चौदा मिनिटं ती नुसती बसून आहे," धाकटी म्हणाली. "तुझ्या खुर्चीकडे बघत."

थोरलीने हातातला पुठ्ठा मशीनखाली सरकवला.

"हे काढून टाकू या का, ताई? म्हणजे, सगळे बघणार. काका, त्यांची मुलं. आत्याबद्दल काय वाटेल त्यांना?"

"एक शब्द कापायचा नाही."

"पण तिचं वय..."

"एक शब्द कापायचा नाही, सांगून ठेवते." थोरलीने मशीन बंद केलं. "आठवडाभर ती हसरी, शूर, पडलेलं पुस्तक उचलून मालकाच्या हातात देणारी. ते सगळं राहणार आणि हे एवढं कापायचं?"

"तू माझ्यावर का ओरडतेस? मी काय केलं? मी नऊ वर्षांची होते!"

"टीपकागद मोजत होतीस ना? एक, दोन, तीन, चार!"

धाकटीने गळ्यातले इअरफोन काढून टेबलावर ठेवले. मग ती जे बोलली त्याची थोरलीला अपेक्षा नव्हती. "बटण तू बंद केलंस, मला माहीत आहे. बॅटरीचं. मी खिडकीतून पाहिलं होतं."

थोरलीचे कान तापले. "मग बोलली का नाहीस?"

"कारण मला बरं वाटलं," धाकटी म्हणाली. "तूसुद्धा माझ्यावर जळू शकतेस म्हणून. मी लहानपणापासून पायरीवर बसून तुम्हा दोघींना बघत आलेय. एकमेकींकडे न बघता सुई द्यायची, दोरा घ्यायचा. एक शब्द नाही आणि सगळं कळतंय. मी आले की तुम्ही दोघी माझ्याशी बोलायला लागायचात. पाहुण्याशी बोलतात तसं. मला गोष्टी सांगते ती, ताई. गोष्टी पाहुण्यांना सांगतात."

थोरलीला ते पटलं असं नाही. पटण्याइतकं मन मोठं करायची तिची त्या दिवशी तयारी नव्हती. ती फक्त म्हणाली, "मग ती लग्नाची गोष्ट सांग मला."

"नाही."

"बघ!"

"नाही सांगणार. तेवढी एकच आहे माझ्याकडे."

आणि दोघी, एक चौपन्न वर्षांची आणि एक सत्तेचाळीस वर्षांची, कटिंग मशीनच्या दोन बाजूंना उभ्या राहून एकमेकींकडे अशा बघत राहिल्या की घडी घालणाऱ्या बायकांनी काही न बोलता आपापल्या पिशव्या उचलल्या आणि त्या घरी गेल्या.

अबोल्याच्या चौथ्या दिवशी आत्या आपली आपण उठली. चालायची चौकट पुढे ढकलत दारापर्यंत आली, पायऱ्यांशी थांबली, आणि कोणाला हाक न मारता एकेक पाऊल टाकत उतरली. थोरली बघत होती, धावून गेली नाही. पण हातातलं काम थांबलं होतं. आत्या घडीच्या टेबलाशी बसली, कागद पुढे ओढला आणि घडी घालायला लागली. घडी वाकडी पडत होती. थोरली ती उचलायची, उलगडायची, पुन्हा सरळ घालायची. अशा वीसेक झाल्या.

"चुकलं माझं," आत्या म्हणाली.

"हो," थोरली म्हणाली.

आत्याने मान हलवली आणि पुढचा कागद घेतला. बस. त्यावर दोघींनी पुन्हा कधी चर्चा केली नाही. थोरलीचा राग गेला का? सगळा नाही. तो तिने ठेवून घेतला, पण त्या दिवसापासून ती बोलायला लागली.

महिन्याभराने एका रविवारी धाकटी सगळं जोडूनजाडून घेऊन आली. काका आले, काकू आल्या, त्यांची मुलं, सुना, नातवंडं. मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. पडद्यावर आत्या दिसली तशी पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुस्तक जिन्यावरून पडलं तेव्हा सगळे हसले. खरी आत्या पलंगावर बसून पडद्यावरच्या आत्याला न्याहाळत होती. म्हणाली, "किती बोलते ही बाई."

मग शेवटचा तुकडा आला. एक शब्द कापलेला नव्हता. सुरुवातीला 'खेळ खेळायचात' ऐकून पोरं खिदळली, आणि मग हळूहळू खोलीत चिडीचूप झालं. 'तुझ्यासारखा हात मी नंतर कोणाचा बघितला नाही,' पडद्यावरची आत्या म्हणाली, तेव्हा धाकट्या सुनेने वळून थोरलीच्या हातांकडे पाहिलं. थोरलीने हात मांडीखाली लपवले. मोठ्या बाईंचं आलं तेव्हा काका पलंगावरच्या बहिणीकडे बघायला लागले, आणि ती, कोणाची नजर न चुकवता, ताठ बसून राहिली. "खरं आहे ते," ती म्हणाली. "बघा पुढचं."

संपल्यावर सगळे थोरलीभोवती जमले. काकूंनी तिचे हात हातात घेतले. कोणी म्हणालं, आम्हाला काहीच माहीत नव्हतं गं. कोणी म्हणालं, एवढ्या गोष्टींत ही खरी गोष्ट. नातवंडांनी विचारलं, चारशे म्हणजे किती उंच ढीग? थोरली हाताने दाखवत होती, अहं, याहून उंच, छतापर्यंत. तिला जन्मात एवढं कोणी विचारलं नव्हतं, आणि खोटं कशाला सांगायचं, तिला ते फार म्हणजे फारच आवडत होतं.

बोलता बोलता तिचं लक्ष गेलं. धाकटी तिकाटणं मिटवत होती. इतके दिवस तिने हे रेकॉर्ड केलं, महिनाभर बसून जोडलं, आणि तिला कोणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. ती हसत होती, पण ओठ नुसते ताणल्यासारखे. तिकाटण्याचा पाय दोनदा चुकीच्या बाजूने दुमडला, मग तो तसाच टाकून ती म्हणाली, "मी चहा टाकते सगळ्यांना," आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

ते हसू थोरलीला आतून माहीत होतं. कुठे दुखतं, किती दुखतं, कसं गिळायचं, इंच इंच माहीत होतं. तिला धाकटीची दया आली. पण फार नाही. एवढ्यात नाही. तिने काकूंना रजिस्टरं कशी वाळवायची ते सावकाश, सगळं, टीपकागदापासून सांगितलं. चहाला उकळी फुटेपर्यंत सांगितलं. आतून उकळीचा आवाज आला तशी ती उठली, स्वयंपाकघरात गेली, फळीवरचे कप काढले आणि धाकटीच्या शेजारी ओळीने मांडायला लागली.

"पंधरा लागतील," धाकटी तिच्याकडे न बघता म्हणाली.

"सोळा," थोरली म्हणाली. "तू स्वतःला धरलं नाहीस."